नियोजन मोडते ते नेमके कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरी सांभाळून तुम्ही राज्यसेवा परीक्षेची तयारी करता. पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंतचे तासातासाचे वेळापत्रक तुम्ही एक्सेलमध्ये बांधता आणि त्यात रोजचा सहा तास अभ्यास, धावणे, इंग्रजी वाचन व महिन्याची बचत असे सगळे बसवता. दर वेळी दुसऱ्या आठवड्यात ते मोडते. मग एखाद्या रविवारी बारा तास बसून तुम्ही मागचे भरून काढू पाहता आणि सोमवारी पुस्तक उघडवत नाही. तुमच्या मित्राचे म्हणणे असे की नियोजन हीच मुळात फसवी गोष्ट आहे, सोव्हिएत संघासारखी महासत्ता पंचवार्षिक योजना करता करता बुडाली, तिथे एका माणसाचे वेळापत्रक काय टिकणार, त्यापेक्षा जसे जमेल तसे करावे. तो म्हणतो ते बरोबर आहे का, आणि नसेल तर तुमचे काय चुकते, असे तुम्ही विचारले आहे.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण भागात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत मी अनेक वर्षे उत्पादन नियोजनाचे, म्हणजे शॉप फ्लोअरवर ज्याला पीपीसी म्हणतात ते, काम केले आहे. नियंत्रित, म्हणजे सरकारी हुकमावर चालणाऱ्या, अर्थव्यवस्थांचा इतिहास मी याच कामामुळे वाचायला लागलो, कारण कारखान्यातल्या रोजच्या अडचणी तिथे फार मोठ्या आकारात दिसतात. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचे दोन्ही भाग माझ्या जवळचे आहेत. मित्राने दाखला योग्य निवडला आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही.

आधी खरा प्रश्न कोणता ते पाहू. ‘रोज सहा तास’ या तुमच्या एका आकड्यात तीन निराळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. ते तुमचे उद्दिष्ट आहे, अंदाज आहे की हुकूम आहे? उद्दिष्ट म्हणजे जिथे पोहोचायचे ते. अंदाज म्हणजे आहे त्या परिस्थितीत बहुधा जे घडेल ते. हुकूम म्हणजे जे झाले नाही तर कोणाला तरी त्याची शिक्षा भोगावी लागते ते. नीट चालणाऱ्या कारखान्यात या तिन्हींचे कागद वेगळे असतात: विक्री विभागाने कळवलेली मागणी, यंत्रांची आणि माणसांची क्षमता दाखवणारा तक्ता, आणि आज लाइनवर काय चढवायचे हे सांगणारे शेड्यूल. मागणीचा आकडाच क्षमतेच्या तक्त्यात लिहिला गेला, तर त्या महिन्यात डिस्पॅचच्या, म्हणजे माल रवाना करण्याच्या, दारात भांडण होणार हे पहिल्या तारखेलाच सांगता येते. तुमच्या एक्सेलमध्ये हेच घडते आहे, आणि सोव्हिएत नियोजनातही मुळात हेच घडले.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला माहीत नाहीत, हे आधीच नमूद करतो. तुमच्या नोकरीचे तास ठरावीक आहेत की वरिष्ठ सायंकाळी थांबवून घेतात, प्रवासात किती वेळ जातो, घरी कोणी आजारी किंवा लहान मूल आहे का, अभ्यासाला स्वतंत्र जागा आहे का, यावर उत्तराचा तपशील बदलेल. ज्याचे दिवसाचे तास त्याच्या हातात आहेत आणि ज्याचे नाहीत, अशा दोघांना एकच वेळापत्रक देणे चुकीचे आहे. तरीही योजना कुठे तडकते ती जागा दोघांच्या बाबतीत एकच असते, म्हणून त्या जागेविषयी सविस्तर लिहितो.

सोव्हिएत संघाची नियोजन संस्था गॉसप्लॅन 1921 मध्ये स्थापन झाली आणि पहिली पंचवार्षिक योजना ऑक्टोबर 1928 पासून सुरू झाली असे धरले जाते. लोकांच्या लक्षात पंचवार्षिक योजना राहतात, पण कारखान्याला प्रत्यक्ष बांधून ठेवणारी योजना वर्षाची, तिमाहीची आणि महिन्याची असे. तिची पद्धत अशी होती: वरून प्राथमिक आकडे यायचे, मंत्रालये ते आपल्या कारखान्यांत वाटायची, कारखाने त्यासाठी लागणाऱ्या कच्च्या मालाची मागणी वर पाठवायचे, आणि गॉसप्लॅनमध्ये त्या सगळ्याचा ताळमेळ घातला जायचा. प्रत्येक महत्त्वाच्या वस्तूचा एक ताळेबंद असे. एका बाजूला उत्पादन, आयात आणि शिल्लक साठा; दुसऱ्या बाजूला ती वस्तू ज्यांना हवी त्यांच्या मागण्या. दोन्ही बाजू जुळल्या की योजना जुळली, असे मानले जाई.

कागदावर हे सोपे वाटते. पण पोलाद कमी पडते म्हणून पोलादाचा आकडा वाढवला की कोळसा जास्त लागतो, कोळशासाठी वीज आणि रेल्वेचे डबे जास्त लागतात, आणि डब्यांसाठी पुन्हा पोलाद लागते. एक आकडा हलवला की शेकडो ताळेबंद पुन्हा जुळवावे लागतात, आणि हे सारे हिशेब माणसे हाताने करीत होती. म्हणून व्यवहारात दुरुस्ती एक-दोन पायऱ्यांपर्यंतच पोहोचे आणि तिथे थांबे. उरलेली तूट ज्या क्षेत्रांना प्राधान्य नसे त्यांच्या वाट्याला येई, म्हणजे घरे, कपडे, पादत्राणे आणि भांडीकुंडी. कित्येकदा वर्ष सुरू झाल्यानंतरही अंतिम योजना कारखान्याच्या हाती पडलेली नसे.

ही अडचण निव्वळ गणिताची असती तर ती सुटली असती. लिओनिद कांतोरोविच या लेनिनग्राडच्या गणितज्ञाकडे प्लायवूड उद्योगातल्या यंत्रांवर कामाची वाटणी कशी करावी हा प्रश्न आला, आणि त्यातून त्याने 1939 मध्ये जी पद्धत मांडली तिला आज आपण लिनियर प्रोग्रॅमिंग म्हणतो. 1975 मध्ये त्याला अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. मर्यादित साधने दिली असता सर्वांत चांगली वाटणी कोणती, याचे उत्तर ही पद्धत देते, आणि आमच्या क्षेत्रातली अनेक सॉफ्टवेअर आजही तिच्यावर चालतात. पण ती साधनांचे आकडे खरे आहेत असे गृहीत धरते. फ्रीडरिक हायेक या अर्थतज्ज्ञाने 1945 मध्ये नेमक्या याच गृहीतकावर बोट ठेवले. कोणते यंत्र तापते, कोणत्या गोदामात जास्तीचा माल पडून आहे, कोणत्या कामगाराला कोणते काम हातखंडा आहे, हे ज्ञान त्या त्या जागेवरच्या माणसाजवळ असते आणि ते आकड्यांत बांधून वर पाठवता येत नाही, असे त्याचे म्हणणे होते. शॉप फ्लोअरवर काम केलेल्या कोणालाही हे पटायला वेळ लागत नाही.

यातला दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो: ज्याच्याजवळ खरी माहिती असते, त्याला ती लपवण्यात फायदा दिसू लागतो. सोव्हिएत कारखान्याचे पुढच्या वर्षीचे लक्ष्य बहुतेक वेळा मागच्या वर्षी गाठलेल्या पातळीवर थोडी वाढ करून ठरत असे. यंदा शंभराच्या जागी एकशेवीस नग काढले, तर पुढच्या वर्षी एकशेवीसच्या वरचा आकडा अंगावर येणार आणि तो चुकला तर बोनस जाणार. त्यामुळे शहाणा व्यवस्थापक एकशेदोनवर थांबत असे, यंत्रांची खरी क्षमता कमी सांगत असे, कच्च्या मालाची मागणी फुगवून पाठवत असे आणि जमेल तेवढा साठा दडवून ठेवत असे. वरच्यांनाही हे ठाऊक असल्यामुळे ते मागणी कापत आणि लक्ष्य वाढवत. दोन्ही बाजू एकमेकांच्या खोट्याचा अंदाज बांधून आपला आकडा ठरवत राहिल्या. माल मिळवण्यासाठी कारखाने पुरवठादारांकडे तळ ठोकून बसणारी खास माणसे ठेवत. त्यांना तिकडे ‘टोल्काच’ म्हणत. त्यांच्यावाचून योजना चालली नसती, आणि योजनेत मात्र त्यांना जागा नव्हती.

लक्ष्य ज्या मापात दिले, त्याच मापात ते पुरे केले गेले. झुंबरांचे लक्ष्य टनांत होते म्हणून झुंबरे जड होत गेली, अशी तक्रार स्वतः सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने 1959 मध्ये जाहीरपणे केली होती. महिन्याच्या कामाची वाटणीही अशीच विस्कटलेली असे: पहिले दहा दिवस माल नाही म्हणून काम संथ, शेवटचे दहा दिवस अहोरात्र धावपळ. रशियनमध्ये या महिनाअखेरच्या धावपळीला ‘श्टुर्मोव्श्चिना’ असे नावच होते. या प्रकाराचा अनुभव घ्यायला मॉस्कोला जाण्याची गरज नाही. मी पाहिलेल्या कारखान्यांतही महिन्याचा मोठा भाग शेवटच्या आठवड्यात डिस्पॅच होत असे. त्या आठवड्यात तपासणी घाईत होई, यंत्रांची देखभाल पुढे ढकलली जाई, आणि नव्या महिन्याचा पहिला आठवडा नाकारलेला माल दुरुस्त करण्यात आणि बंद पडलेली यंत्रे चालू करण्यात जाई. पुढच्या महिनाअखेरची धावपळ अशा रीतीने आधीच ठरलेली असे. तुमचा बारा तासांचा रविवार आणि त्यानंतरचा रिकामा सोमवार मी याच हिशेबात धरतो.

उद्दिष्ट आणि अंदाज यांची गल्लत झाली की आकडे कुठवर जातात, याचे ठळक उदाहरण पहिल्या पंचवार्षिक योजनेतच आहे. 1927-28 मध्ये पिग आयर्नचे, म्हणजे भट्टीतून निघणाऱ्या कच्च्या लोखंडाचे, उत्पादन सुमारे 33 लाख टन होते. योजनेने ते 1 कोटी टनांवर न्यायचे ठरवले. हाच आकडा आवाक्याबाहेरचा होता, तरी पुढे तो 1 कोटी 70 लाख टनांवर नेण्यात आला. 1932 मध्ये प्रत्यक्ष उत्पादन सुमारे 62 लाख टन झाले. चार-पाच वर्षांत उत्पादन जवळजवळ दुप्पट होणे ही फार मोठी गोष्ट होती. पण 1 कोटी 70 लाखांच्या भरवशावर ज्यांनी पुढची कामे बेतली होती, त्यांच्या दृष्टीने तो मालाचा भयंकर तुटवडा होता. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण तुम्ही रोज तीन तास अभ्यास करत असाल तर नोकरी करणाऱ्या माणसासाठी ते उत्तम काम आहे, आणि सहाच्या आकड्यासमोर तुम्हाला ते अपयश वाटते.

खरे सांगणाऱ्याला शिक्षा होऊ लागली की योजना आंधळी होते, आणि तिथून ती माणसे मारू लागते. 1932-33 मध्ये युक्रेन, कझाकस्तान आणि इतर भागांत धान्य नसताना धान्यवसुली रेटली गेली आणि लाखो माणसे उपासमारीने मेली. 1937 च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे 16 कोटी 20 लाख निघाली; सत्तेला अपेक्षित असलेल्या आकड्यापेक्षा ती बरीच कमी होती. ती जनगणना रद्द करण्यात आली, तिचे काम करणाऱ्या संख्याशास्त्रज्ञांना अटक झाली आणि काहींना गोळ्या घालण्यात आल्या. चीनमध्ये 1958 साली पोलादाचे उत्पादन एका वर्षात दुप्पट करून 1 कोटी 7 लाख टनांवर नेण्याचा हुकूम निघाला. खेडोपाडी परसात भट्ट्या पेटल्या, सुगीच्या दिवसांत शेतावरची माणसे भट्ट्यांवर गेली, आणि त्यातले कित्येक लाख टन लोखंड कुठल्याच कामाचे निघाले नाही. त्याच वर्षी धान्याचे उत्पादन साडेसदतीस कोटी टन झाल्याचे जाहीर झाले. प्रत्यक्षात ते वीस कोटी टनांच्या आसपास होते. वसुली मात्र फुगवलेल्या आकड्यांच्या आधारे झाली, आणि 1959 ते 1961 या काळात कोट्यवधी माणसे त्या दुष्काळात गेली. या घटनांविषयी लिहिताना मला केवळ ‘नियोजनाचे दोष’ असे म्हणून पुढे जाता येत नाही. स्थानिक अधिकाऱ्याला खरा आकडा ठाऊक होता. तो सांगितला असता तर त्याचे पद किंवा प्राण गेले असते.

आता मित्राच्या निष्कर्षाला छेद देणारी बाजू. त्याच सोव्हिएत यंत्रणेने 1941 च्या उत्तरार्धात जर्मन सैन्य पुढे येत असताना दीड हजारांहून अधिक मोठे कारखाने उखडून रेल्वेने उरल, सायबेरिया आणि मध्य आशियात नेले आणि काही महिन्यांत त्यांतले पुष्कळसे पुन्हा चालू केले. बाजारव्यवस्थेचा पुरस्कार करणाऱ्या अमेरिकेनेही युद्धकाळात पोलाद, तांबे आणि ॲल्युमिनियम यांची वाटणी केंद्रीय पद्धतीने केली होती. ध्येय एकच असेल, बाकी सगळे त्यासाठी मागे ठेवायला लोक तयार असतील, काळ मर्यादित असेल आणि यश झाले की नाही हे डोळ्यांना दिसत असेल, तर हुकमी नियोजनही काम करते. ध्येये अनेक झाली, ती एकमेकांशी भांडू लागली आणि काळ लांबला, की ते मोडू लागते. तुमच्या वेळापत्रकात अभ्यास, धावणे, इंग्रजी आणि बचत या चारही गोष्टींना सारखेच प्राधान्य दिलेले आहे, ही त्यातली मला दिसलेली दुसरी मोठी अडचण.

इथवरचे एवढे लक्षात ठेवा: सोव्हिएत व्यवस्थेत आकडा ठरवणाऱ्याजवळ माहिती नव्हती, माहिती असणाऱ्याला ती देण्याची भीती होती, आणि या दोघांमधली दरी आणखी मोठ्या आकड्यांनी बुजवण्याचा प्रयत्न झाला. नियोजन सोडून द्या, असा धडा यातून निघत नाही.

आता तुमच्याकडे वळतो. एका माणसाच्या योजनेत वरचा आणि खालचा एकच असतो, म्हणून माहितीची अडचण नसावी असे वाटते. प्रत्यक्षात रविवारी रात्री वेळापत्रक आखणारे तुम्ही आणि बुधवारी सायंकाळी थकून घरी येणारे तुम्ही यांच्यात बरेच अंतर असते. रविवारचे तुम्ही ताजेतवाने असता, बुधवारच्या थकव्याची माहिती त्या वेळी तुमच्याजवळ नसते, आणि बुधवारचे तुम्ही ती माहिती कुठे नोंदवत नाही, कारण नोंदवली तर अपराधी वाटते. कॅनडातील विद्यार्थ्यांवर झालेला आणि 1994 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या विषयात नेहमी सांगितला जातो. प्रबंध किती दिवसांत संपेल असे विचारल्यावर विद्यार्थ्यांचा सरासरी अंदाज 34 दिवसांचा होता; प्रत्यक्षात 55 दिवस लागले. सगळे शक्य तितके बिघडले तर किती लागतील, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तरही सरासरी 49 दिवसांच्या आसपास होते, म्हणजे तेही अपुरेच पडले. माणूस पुढच्या कामाचा अंदाज बांधताना मागच्या वेळी काय झाले होते हे विचारात घेत नाही, आपल्या मनातल्या सुरळीत चित्रावरून आकडा ठरवतो, असा या संशोधनाचा रोख आहे. कारखान्यात यावर उपाय एकच: मागच्या महिन्यांचे रजिस्टर उघडून बसायचे.

म्हणून पहिले तीन आठवडे तुम्ही कोणतेही लक्ष्य ठेवू नका. जसा अभ्यास होईल तसा होऊ द्या आणि रोज रात्री फक्त किती वेळ खरोखर पुस्तकासमोर गेला हे लिहा. शून्य असेल तर शून्य लिहा, शेजारी कारण लिहा, आणि त्याबद्दल स्वतःला बोल लावू नका. ही नोंद म्हणजे तुमचा क्षमतेचा तक्ता. त्यावर शिक्षेची छाया पडली की तुम्हीच स्वतःला खोटे आकडे देऊ लागाल; चहा पीत मोबाईल पाहिलेला अर्धा तासही अभ्यासात धरला जाईल.

त्या नोंदीतून जी सरासरी येईल, तिच्यापेक्षा थोडा कमीच बोजा आठवड्यावर टाका. नव्या माणसांना शिकवताना ही गोष्ट गळी उतरवायला मला सर्वांत जास्त वेळ लागत आला आहे. यंत्र शंभर टक्के वेळ भरलेले असेल तर उत्पादन जास्तीत जास्त होईल असे त्यांना वाटते. पण ज्या ठिकाणी कामे अनियमितपणे येतात आणि अधूनमधून खोळंबा होतो, तिथे बोजा क्षमतेच्या जवळ गेला की रांग हळूहळू नव्हे, एकदम वाढते. ऐंशी टक्के भरलेल्या यंत्रापुढे जी रांग असते, तिच्या कित्येक पट रांग पंचाण्णव टक्के भरलेल्या यंत्रापुढे साचते. तुमच्या वेळापत्रकात पहाटे पाच ते रात्री अकरा यांच्यात एकही रिकामा तास नाही, त्यामुळे कार्यालयात एक दिवस उशीर झाला की तो दिवस पुढच्या सगळ्या दिवसांवर चढतो आणि दुसऱ्या आठवड्यापर्यंत थकबाकी फेडणे अशक्य होते. आठवड्यातली एक सायंकाळ आणि रविवारचा अर्धा दिवस मोकळा ठेवा. आठवडा सुरळीत गेला तर त्या वेळात विश्रांती घ्या; तिथे नवे काम घालू नका, नाहीतर पुढच्या आठवड्यात लक्ष्य वाढवण्याचा जुना सोव्हिएत प्रकार तुम्ही स्वतःवर सुरू कराल.

पुढची आखणी दोन पातळ्यांवर करा. येणारा एक आठवडा पक्का. त्यात बदल करायचा नाही. त्यापुढचे तीन महिने कच्चे. तिथे फक्त कोणत्या महिन्यात कोणते विषय, एवढेच लिहायचे, आणि दर रविवारी एक आठवडा पक्क्यात ओढून घ्यायचा. कारखान्यांतले शेड्यूल साधारण असेच चालते. तासातासाची वर्षभराची योजना करण्यात जो वेळ जातो, तो बहुतेक वाया जातो, कारण चौथ्या महिन्यातल्या मंगळवारी सायंकाळी सात वाजता काय असेल याची माहिती आज कोणाजवळच नाही.

मोजायचे काय, हेही नीट ठरवा. केवळ तास मोजले तर तास वाढतील आणि पाने वाचली किती ते मोजले तर सोपी पाने वाचली जातील. झुंबरांचे वजन वाढले तसेच हे आहे. माझ्या मते तास हे क्षमतेसाठी मोजावेत, आणि प्रगतीसाठी दर पंधरवड्याला मागील वर्षांची एक प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवावी. दोन मापे एकमेकांशी विसंगत दिसली, म्हणजे तास वाढले पण गुण हलले नाहीत, तर अभ्यासाची पद्धत तपासावी लागेल. त्यावर तास आणखी वाढवणे हा उपाय नाही.

ठरवलेले प्रत्यक्षात येण्यासाठी एका साध्या गोष्टीचा चांगला उपयोग होतो, आणि तिला संशोधनाचा भक्कम आधार आहे. पीटर गोल्वित्झर या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवले आहे की ‘मी अभ्यास करीन’ असे ठरवण्यापेक्षा ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ असे ठरवणाऱ्यांकडून काम होण्याची शक्यता बरीच वाढते. 2006 मधल्या एका आढाव्यात अशा 94 चाचण्या एकत्र पाहण्यात आल्या आणि परिणाम लक्षणीय निघाला. तुमच्यासाठी वाक्य असे असू शकेल: ‘जेवण झाल्यावर ताट उचलले की मी थेट टेबलाशी बसेन आणि काल जिथे खूण ठेवली ते पान उघडेन.’ अडथळ्यासाठीही एक वाक्य आधी लिहा: ‘आठनंतर घरी पोहोचलो तर त्या दिवशी फक्त चालू घडामोडींचा अर्धा तास.’ हुकूम पाळता आला नाही की माणूस संपूर्ण दिवस सोडून देतो. उशिराच्या दिवसाचा निर्णय आधीच झालेला असेल तर अर्धा तास तरी वाचतो.

चार ध्येयांच्या भांडणाविषयी आपल्याकडचे एक उदाहरण उपयोगी पडेल. भारताने नियोजन स्वीकारले ते हुकमी अर्थव्यवस्थेच्या स्वरूपात नव्हे. शेती आणि बराचसा उद्योग खासगी हातांतच राहिला. तरीही 1962 आणि 1965 ची युद्धे, लागोपाठचे दुष्काळ आणि 1966 मधले रुपयाचे अवमूल्यन यांनंतर पंचवार्षिक योजना पुढे रेटणे शक्य राहिले नाही, आणि 1966 ते 1969 ही तीन वर्षे केवळ वार्षिक योजनांवर काढली गेली. याच काळात, 1967 मध्ये, पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर काम केल्यामुळे खालच्या पातळीवर योजना कशी राबते हे त्यांनी जवळून पाहिले होते. राज्यांना केंद्राकडून योजनांसाठी मिळणारी मदत तोवर बरीचशी वाटाघाटींवर ठरत असे. गाडगीळ सूत्राने तिचे निकष उघड केले: साठ टक्के लोकसंख्येवर, आणि दरडोई उत्पन्न, करवसुलीचे प्रयत्न, चालू असलेले मोठे पाटबंधारे व वीज प्रकल्प आणि राज्याच्या खास अडचणी यांना प्रत्येकी दहा टक्के. त्या सूत्रावर पुढे टीकाही झाली आणि त्यात बदलही झाले, पण वाटणीचा नियम भांडण सुरू होण्याआधी ठरलेला असावा ही त्यामागची दृष्टी मला फार मोलाची वाटते. तुम्हीही तसेच करा. वेळ कमी पडला तर आधी काय सोडायचे याचा क्रम आज, शांत डोक्याने, कागदावर लिहा. माझा सल्ला असा की परीक्षा होईपर्यंत इंग्रजी वाचन स्वतंत्र ध्येय म्हणून काढून टाकावे, बचत बँकेच्या स्थायी सूचनेवर सोपवावी म्हणजे तिला रोजचा निर्णय लागणार नाही, आणि धावणे आठवड्यातून तीन दिवस, पण न चुकवता ठेवावे. ते यंत्राच्या देखभालीच्या जागी आहे, आणि देखभाल पुढे ढकलण्याचे काय होते ते वर आलेच आहे. आजार, बदली किंवा घरचे लग्न आले, तर 1966 ते 1969 च्या त्या तीन वर्षांसारखी उघडपणे योजना थांबवा, तारीख घालून थांबवा, आणि आठवड्या-आठवड्याची छोटी योजना चालवा. मोडलेले वेळापत्रक भिंतीवर तसेच ठेवून त्याच्यासमोर वावरणे हे थांबण्यापेक्षा अधिक थकवते.

तुमच्या प्रश्नात एका गोष्टीचा उल्लेख नाही, आणि मला ती विचारणे भाग आहे: ही तयारी किती काळ चालवायची? हंगेरीचे अर्थतज्ज्ञ यानोश कोर्नाई यांनी समाजवादी अर्थव्यवस्थांचा अभ्यास करताना दाखवून दिले की तोट्यातला कारखाना बंद पडणार नाही, सरकार कसेही करून त्याला सावरेल, याची खात्री असल्यामुळे तिथे खर्चाला आणि चुकीला धरबंधच राहत नसे. स्पर्धा परीक्षांच्या तयारीत पुण्यातल्या सदाशिव पेठेत आणि नवी पेठेत खोल्या घेऊन राहिलेली कितीतरी हुशार मुलेमुली मी पाहिली आहेत, ज्यांच्यासाठी प्रत्येक निकालानंतर आणखी एक वर्ष आपोआप मंजूर होत गेले आणि घरून येणारा पैसा शेतीच्या किंवा वडिलांच्या भविष्यनिधीच्या खात्यातून येत राहिला. त्यांच्या जिद्दीबद्दल मला आदर आहे. पण कोणता निकाल लागला, किती रक्कम खर्च झाली किंवा कोणते वर्ष उजाडले की थांबायचे, हे त्यांनी सुरुवातीला घरच्यांशी बोलून ठरवलेले नव्हते, आणि नंतर ते ठरवणे सगळ्यांनाच जड गेले. नोकरी सोडून पूर्णवेळ अभ्यास करण्याचा विचार तुमच्या मनात असेल, तर राजीनामा देण्याआधी ही मर्यादा लिहून घरातल्या एका माणसाच्या हाती द्या.

मित्राच्या ‘जसे जमेल तसे’ या मार्गाविषयी एवढेच म्हणेन की परीक्षेची तारीख आणि अभ्यासक्रम या दोन गोष्टी तुमच्या हातात नाहीत, त्यामुळे हिशेब टाळता येणार नाही. तीन आठवड्यांच्या नोंदी झाल्या की आठवड्याचे सरासरी तास, परीक्षेपर्यंत उरलेले आठवडे आणि शिल्लक अभ्यासक्रमाला लागतील असे विषयवार तास एवढे तीन आकडे कळवा. पहिल्या दोघांचा गुणाकार तिसऱ्याला पुरतो का ते पाहू, आणि पुरत नसेल तर कोणते घटक सोडायचे किंवा कोणत्या वर्षीची परीक्षा धरायची हे त्या आकड्यांवरून ठरवू.